चुंगडीभर काळी माती घेऊन अकोल्याच्या छतावर

राजेहो, लोकं प्रवासाले निघाले की काशीले जाते, केदारले जाते, आल्यावर प्रसाद वाटते. मी गेलो अकोल्याच्या एका बिल्डिंगच्या छतावर. प्रसाद काही आणला नाही. फजिती तेवढी आणली, तेच वाटून राहिलो. जे लोकं शहरातल्या छतावर अजून चढले नाही, त्याईच्या कामी येईन.

पयले माहं सांगतो. नाव शालिकराम. राहणं नांदगाव खंडेश्वरच्या बाजूले. शाळेत दोन वर्ग गेलो, दुसऱ्या वर्गात मास्तरनंच हात जोडले. वावर हाय, काळं कुळकुळीत, पण गुडघ्यानं जवाब देल्ला म्हणून औंदा मक्त्यानं देऊन टाकलं. वैशालीची माय, म्हणजे माही बायको, मागच्या पोळ्यानंतर गेली. तेव्हापासून घरात मी अन् टीव्ही. दोघात टीव्ही जास्त बोलते.

वैशाली माही एकुलती एक पोरगी, अकोल्याले राहते. ती नोकरीवर, जवाईबुवा नोकरीवर, नातू शिकायले पुण्याले. त्याची खोली रिकामीच पडली हाय. दिवाळी झाली अन् वैशालीचा फोन आला.

"बाबा, इकडं या ना. वावर सुटलं म्हणून करमत नसन तं आमच्या छतावर वावर करा. शहरात आता बरेच लोकं करून राहिले. भाजी होते, अन् खालच्या घराले उनाळ्यात गारवा राहते. पाहा, जमलं तं राहूनच जा."

म्या म्हटलं, "येतो पाहाले."

तोंडानं मी पाहाले चाललो होतो. मनानं राहाले चाललो होतो. हे कोणालेच सांगतलं नाही. गावात 'चार दिवस जाऊन येतो' म्हणून सांगतलं अन् होते नव्हते तेवढे सदरे पिशवीत कोंबले. बकरी शेजारच्या गंगूबाईकडं बांधाले नेली. गंगूबाईनं माह्या पिशवीकडं पाहिलं. वरतून स्वेटर, छत्री अन् वैशालीच्या मायचा भिंतीवरचा फोटो डोकावून राहिला होता. चार दिवसाले कोणी भिंतीवरचा फोटो नेते काय? पण ती बाई एवढंच म्हणे, "बकरी काय खाते अन् काय नाही खात, ते नीट सांगून जा शालिकभाऊ."

अन् वावरात जाऊन दोन चुंगड्या भरून माती घेतली. गहू भरायच्या चुंगड्या त्या. यस्टीत चढवताना कंडक्टरनं एक उचलून पाहिली, त्याची कंबर लचकली.

"काका, लोखंड हाय काय?"

"माती हाय."

"माती? कुठं नेता?"

"अकोल्याले."

"काहून, अकोल्यात माती नाही?"

"हाय ना. पण ओळखीची नाही."

आख्खी गाडी हासली. मले बरं वाटलं. लय दिवसानं एवढे लोकं मिळून हासले माह्यावर. घरी कोण हासते?

अमरावती

अकोल्याच्या पयले अमरावतीले उतरायचा वैशालीचा हुकूम होता. तिच्या ऑफिसातल्या जुन्या मोठ्या मॅडम, वानखडे मॅडम, रिटायर होऊन अमरावतीले राहते. एकट्याच. पोरं दूर, मालक वारले. त्याईनं छतावर एवढी शेती केली की लोकं पाहाले येते. वैशाली म्हणे, "बाबा, एक दिवस त्यांच्याकडं राहा, त्यांचं पाहा, मंग इकडं या. म्हणजे गोंधळ होणार नाही." पोरगी मले ओळखते.

मॅडमचं घर गल्लीत, दोन मजली. दारात मी दोन चुंगड्या घेऊन उभा, घामानं डबडबलेला. मॅडमनं दार उघडलं. पांढरे केस, चष्मा, हाताले चिखल.

"हे काय आणलं शालिकभाऊ?"

"माती, मॅडम. लेकीच्या घरी चाललो, रिकाम्या हातानं कसं जाऊ?"

"लोक पेढे आणतात."

"पेढ्यात काही पेरता येत नाही."

त्या हासल्या नाही. मले वाटलं, झालं, इथं आपलं चालत नाही. पण आत जाऊन पाणी आणताना पाठमोऱ्या झाल्या तेव्हा खांदे हालताना दिसले. बैठकीत बुद्धाची लहान मूर्ती अन् तिच्यापुढं जाईची ताजी फुलं. फुलं घरचीच, अंगणात वेल होता.

मंग वर गेलो. राजेहो, म्या जन्मभर वावर पाहिलं, पण वावर एवढं तुकडे-तुकडे झालेलं कधी पाहिलं नव्हतं. आडवे कापलेले ड्रम, त्यात वांगी. रंगाचे डबे, त्यात टमाटे. जुन्या कूलरचा पाण्याचा टब, त्यात कोथिंबीर. दोरीच्या मांडवावर वालाचा वेल, शेंगा लोंबकळलेल्या. आंबाडी, गवती चहा, कढीपत्ता. विदर्भात कूलर मेला की भंगारात जाते. इथं त्याले मोक्ष भेटला होता. बाजूच्या छतावर नुसतं सिमेंट, दुपारी तिकडून झळ येत होती. मॅडमच्या छतावर पाय ठेवला की वेगळंच, पायाले गार. मॅडम म्हणे, "उन्हाळ्यात खाली माझ्या खोलीत फरक कळतो. वरची फरशी तापत नाही."

मले आता आपली शेतकरकी दाखवायची होती. म्या म्हटलं, "मॅडम, तो मोठा डबा सरकवायचा म्हणता ना, सरा बाजूले." पाय रोवले, दम भरला, धरला डबा अन् उचलला, जसं मातीनं भरलेलं काही उचलावं तसं. डबा आला कापसासारखा. मी गेलो मागं. पाठीमागं कूलरचा दुसरा टब होता, त्यात बसलो. बसलो म्हणजे असा बसलो की पाय वर, डबा छातीवर अन् आंगावर टमाट्याचं झाड.

मॅडम लगबगीनं आल्या. मले वाटलं मले उचलाले. त्याईनं पयले टबात हात घातला.

"अहो, ते लेट्यूस होतं."

"काय होतं?"

"सॅलडची पानं. किती वेळा पेरलं, उगवतच नव्हतं. यंदा पहिल्यांदा उगवलं."

आता 'होतं' झालं होतं. म्या आयुष्यात पयल्यांदा एखादं पीक बुडानं काढलं, म्हणजे माह्या बुडानं.

मंग त्याईनं समजावून सांगतलं. डबा हलका होता कारण त्यात माती मूठभरच. बाकी वाळलेला पाला, शेणखत, नारळाच्या शेंड्यांचा भुसा. "छतावर वजन नको अन् पाणी साचायला नको," म्हणे. "शालिकभाऊ, तुमची काळी माती शेतात सोनं आहे. इथे ती चालत नाही. भिजली की फुगते, वाळली की फाटते. वैशालीच्या छतावर घालू नका."

"हाव मॅडम," म्या म्हटलं. पण मनातल्या मनात म्हटलं, बाई ऑफिसात खुर्चीवर मोठी झाली अन् मले काळी माती शिकवते. ज्याच्या नखातून साठ वर्षं ती माती निघाली नाही, त्याले. पुढं काय झालं ते पुढं येईनच.

दुपारी जेवण. ज्वारीची भाकर, भरीत, आंबाडीची भाजी, वरतून कांद्याची पात. सगळं छतावरचं, भाकर सोडून. जेवता जेवता मॅडम उठल्या, वर गेल्या, मीही मागं गेलो. त्याईनं एका बादलीत वांगी अन् कोथिंबीर भरली, दोरी बांधली अन् गल्लीत खाली सोडली. खालून एका बाईनं "आली हो मॅडम!" म्हणून आवाज देल्ला. भाजी काढून घेतली अन् बादलीत काहीतरी ठेवून दोरीले झटका देल्ला. बादली वर आली, त्यात डबाभर कढी.

"भारी हाय हे," म्या म्हटलं. "रोज चालते?"

"रोज. गुडघ्यांमुळे मला खाली उतरणं जड जातं."

"अन् लोकं वर नाही येत?"

मॅडमनं दोरी गुंडाळून ठेवली. "वर बादली येते," म्हणे. मंग जराशानं, "एकटं माणूस छतावर शेती भाजीसाठी करत नाही शालिकभाऊ. सकाळी उठून वर जायला काही कारण लागतं."

म्या कढी पेली. कढी चांगली होती. काही विनोद सुचला नाही, म्हणून अजून एक वाटी मागतली.

निघताना चुंगडीतली थोडी माती त्याईनं ठेवून घेतली. "छतावर नाही. खाली जाईच्या बुडाशी घालते. पाहुण्याची आठवण." एवढी नावं ठेवूनही मातीचा मान ठेवला. मले तं वाटलं इथंच एखादा ड्रम भाड्यानं घ्यावा अन् त्यात राहावं.

बडनेऱ्याले गाडीले टाइम होता. स्टेशनावर आलू बोंडे घेतले, दोन. नेहमी दोनच घेतो. एक खाल्ला. दुसरा हातात धरून बसलो, मंग समोरच्या कुत्र्याले देल्ला. कुत्र्यानं वास घेतला अन् निघून गेलं. मिरची जास्त होती बहुतेक.

अकोला

वैशालीची बिल्डिंग पाच मजली. वैशाली तिसऱ्यावर. पाचव्यावर देशमुख साहेब, पाटबंधारे खात्यातून रिटायर. अकोल्याचं ऊन तुमाले सांगाले नको. देशमुख साहेबाच्या घरावर सरळ स्लॅब, उनाळ्यात त्याच्या घरी भिंतीले हात लावला की तवा. म्हणून छतावर शेती होऊ द्या असं सोसायटीत त्यानंच भांडून पास करून घेतलं होतं. मी आलो त्या दिवशी मुद्दाम भेटाले आले.

"या पाव्हणे! तुमीच ते काय शेतकरी? माहं घर थंड करून द्या बापा. दोन कूलर लावतो, तरी रात्रभर माशासारखा तडफडतो."

म्या छातीवर हात ठेवला. "साहेब, गार करून देतो. वचन."

राजेहो, वचन म्या पाळलं. कसं ते सांगतो.

पयले दोन दिवस मी फ्लॅटमधी राहाले शिकलो. सकाळी नऊ वाजता दोघंही निघून जाय. वैशाली सांगून जाय, "बाबा, दार लावून बसा." आमच्याकडं दार लावलं म्हणजे घरात कोणी आजारी हाय, नाही तं भांडण चालू हाय. म्या दार उघडून, खुर्ची टाकून दारात बसलो. येणारा-जाणारा दिसन म्हणून. समोरच्या घरची बाई आली, मले पाहून दचकली, आत गेली अन् कडी लावली. दुसऱ्या दिवशी तिनं वैशालीले फोन करून विचारलं, तुमचे वडील बाहेर काहून बसले, चावी हरवली काय?

मंग मी लिफ्टनं खालीवर करून पाहिलं. लिफ्टमधी एक बाई बोलते, दिसत नाही. 'दरवाजा बंद करा' म्हणते. म्या दोन-तीनदा तिले 'हाव बाई' म्हटलं. दिवसभरात तेवढंच बोलणं.

म्हणून छतावर जाऊन बसाले लागलो. जवाईबुवानं तयारी चांगली केलती. विटांचा एक लांबोळा वाफा, खाली जाड प्लॅस्टिक, पाणी निघायले नळी. बाजूले पोत्यात ते पाल्याचं अन् भुश्याचं खत. म्या मूठभर हातात घेतलं, फुंकर मारली तं अर्धं उडून गेलं. म्या म्हटलं, ही काय माती हाय? हा तं चहाचा गाळ हाय.

छतावरून अकोला दिसते म्हणजे छतंच दिसते. जिकडं पाहा तिकडं सिमेंट अन् त्यावर काळ्या टाक्या, म्हशी बसल्यासारख्या. माणूस एक नाही. आमच्याकडं हिवाळ्यात घरावर पाहा, कोणाच्या मुगवड्या, कोणाची मिरची, कोणी बुढा गोधडीत. इथं एवढी जागा अन् सगळी उन्हाले देल्ली. दूरच्या एका छतावर एक बाई कपडे वाळू घालून राहिली होती. म्या हात वर केला. नुसता, राम राम म्हणून. ती कपडे अर्धे ओले ठेवूनच खाली गेली.

त्याच दिवशी म्या ठरवलं, आता काम दाखवायचं. वाफ्यात माह्या दोन चुंगड्या ओतल्या. कोपराही भरला नाही. मंग खाली रस्त्यावर एक टेम्पोवाला भेटला, बार्शीटाकळीकडचा. त्याच्या गावाकडची वावरातली काळी माती तो कोणाच्या प्लॉटवर टाकाले चालला होता. म्या त्यातली अर्धी आपल्या बिल्डिंगकडं वळवली. मातीले हात लावून पाहिला तं अस्सल. असं वाटलं सोयरा भेटला. पोत्यानं पोत्यानं लिफ्टमधी घातली. त्या न दिसणाऱ्या बाईनं 'वजन जास्त आहे' म्हणून सांगतलं. म्या म्हटलं, "तू चाल माय, आपलंच काम हाय." अर्ध्या रस्त्यात लिफ्ट थांबली. वॉचमननं येऊन काढलं तेव्हा मी पोत्यावर बसलेलो होतो अन् लिफ्टची फरशी बैलाच्या गोठ्यासारखी झालती.

पण वाफा भरला! पालकाची ओळ, मेथीची ओळ, मधात कांद्याची पात. अन् पाणी देल्लं, पाटानं देतो तसं, भरपूर. पाईप सोडला अन् वाफा डबडबला. मी बाजूले बसून ते पाणी पाहत राहिलो. मातीचा वास आला. खरं सांगतो, त्या वासानं मले घरी आल्यासारखं झालं. सांजेपर्यंत पाणी देतच होतो. वैशाली घरी आली तेव्हा म्या म्हटलं, "पोरी, जमलं."

"खरंच बाबा?" ती म्हणे. लय खूश झाली. नातवाच्या खोलीत जाऊन त्याची पुस्तकं खोक्यात भरून कपाटावर ठेवली. माह्या सदऱ्याले जागा केली. म्या मंग वैशालीच्या मायचा फोटो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

सकाळी चहा घेऊन राहिलो होतो अन् दारात देशमुख साहेब. बनियन ओलं, हातात बादली.

"पाव्हणे, तुमची मेथी माह्या घरी उतरून राहिली."

वर जाऊन पाहिलं. काळी माती रातभर पाणी पेली अन् फुगली. फुगली तं तिनं विटांची बाजू ढकलून पाडली. चिखलाचा गारा वाहत जाऊन छताच्या पाणी जायच्या जाळीवर बसला, असा बसला जसं कोणी लिंपलं. छतावर तळं साचलं. ते पाणी स्लॅबमधून देशमुख साहेबाच्या घरात, बरोब्बर त्याच्या पलंगावर. माणसानं जन्मभर कालव्यातून दुसऱ्याच्या वावरात पाणी पोहचवलं, रिटायर झाल्यावर त्याच्या गादीवर पाणी पोहचवणारा मी निघालो. घर गार करून देतो म्हटलं होतं. करून देल्लं.

मी हातानं जाळीवरचा गारा उपसाले बसलो अन् तेव्हा, गुडघ्यात वाकलेला असताना, डोक्यात उजेड पडला. आमच्या जुन्या घरावर धाबं होतं, मातीचं सपाट छत. दर साली माहा बाप त्यावर माती टाके. कोणती? पांढरी. गावठाणातली. वावर शंभर पावलावर, काळी माती पाहिजे तेवढी, पण बापानं एक टोपलंही कधी धाब्यावर टाकलं नाही. काळी फाटते, पाणी आत येते, हे आमच्या घरच्या बकरीलेही माहीत होतं. म्या सोता ती पांढरी माती डोक्यावर वाहिली हाय. अन् म्हातारपणी अकोल्याले येऊन, लिफ्टनं, काळी माती छतावर नेली. ऑफिसातल्या बाईनं सांगूनही. एवढी अक्कल गहाण ठेवाले माणूस फक्त वऱ्हाडातलाच लागते. ज्याले वाटते, काळी माती नेली की गाव संगं आलं.

सोसायटीचे लोकं जमा झाले. कोणी म्हणे बंद करा हे. कोणी म्हणे लिफ्ट कोण धुईन. मी मधात उभा, हात कोपरापर्यंत काळे. वैशाली काहीच बोलली नाही. ती रागावली असती तं मी काही तरी चुटका सांगून हासवलं असतं. गप्प माणसाले काय सांगता?

शेवटी देशमुख साहेबच बोलले. "शेती बंद नाही करायची. उनाळ्यात मले तुमच्या कोणाच्या घरी झोपू देणार काय? फक्त ही काळी उतरवा, अन् पाव्हण्याच्या हातात पाईप देऊ नका."

रविवारी जवाईबुवा अन् मी, माती पोत्यात भरून जिन्यानं खाली उतरवली. लिफ्ट आमाले बंद होती. जवाईबुवा दर मजल्यावर थांबून कंबर धरे. मंग वाफा परत बांधला. यावेळी तो चहाचा गाळ भरला, मेथी पेरली अन् झारीनं पाणी देल्लं, देवावर शिंपडावं तसं. माह्या गावच्या दोन चुंगड्यातली माती कोणती अन् बार्शीटाकळीची कोणती, ते काही ओळखू आलं नाही. सगळी एकाच टेम्पोत गेली.

त्या दिवशी जेवताना वैशाली म्हणे, "बाबा, मंग राहता ना इथंच?"

आता इथं तुमाले आमच्याकडची एक रीत सांगाले पाहिजे, म्हणजे माहा मूर्खपणा नीट समजन. आमच्याकडं पाहुण्याले 'जेवा' म्हटलं की तो 'नाही' म्हणते. परत म्हटलं की अजून एकदा 'नाही' म्हणते, पण हळू. तिसऱ्यांदा म्हटलं की हात धुवाले उठते. पयल्याच वेळी 'हाव' म्हणणारा माणूस उपाशी दिसते. हे सगळ्यालेच माहीत राहते, म्हणून विचारणारा तिसऱ्यांदा विचारतेच.

म्या म्हटलं, "मी राहिलो तं पुढच्या खेपेले टाकीच देशमुखाच्या चुलीवर उतरन."

वैशाली हासली. जवाईबुवाही हासले, अन् म्हणे, "मामाजी, खरंच राहून जा. खोली तं रिकामीच हाय."

म्या हळूच म्हटलं, "नाही बापा. तिकडं बकरी वाट पाहून राहिली."

अन् भाकरीचा तुकडा हातात धरून थांबलो. जरासा जास्तच थांबलो. वैशालीनं माह्याकडं पाहिलं. तिच्या डोक्यात काय चाललं होतं, मले नाही समजलं. तिले वाटलं असन, बाबा तेव्हापासून मान खाली घालून फिरून राहिले, आता जबरदस्ती कशाले. मंग ती म्हणे, "ठीक हाय बाबा. तुमाले जिथं बरं वाटते तिथं राहा." अन् जवाईबुवानं मोबाईल काढून बडनेऱ्यापर्यंतची सीट पाहिली. खिडकीजवळची भेटली. म्हणे, "मामाजी, लकी हाव तुमी."

म्या म्हटलं, "वा वा."

फोटो पिशवीत ठेवताना वैशाली दारात उभी होती. काही म्हणायले आली होती असं वाटलं. मंग तिनं मले वाटेसाठी पराठे देल्ले.

परत नांदगाव

गावात विचारलं लोकायनं, काय पाहिलं? म्या सगळं सांगतलं, जसं तुमाले सांगतलं. कूलरमधी पडलो ते, लिफ्टमधी अडकलो ते, देशमुखाची गादी. चौकात लोकं पोट धरून हासले. गंगूबाई दारात बसली होती, तीही हासली. मंग म्हणे, "फोटो परत आणला काय?" म्या म्हटलं, "हाव." ती उठून बकरी सोडाले गेली.

घर उघडलं. फोटो खिळ्यावर लावला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन उमटला होता, बरोबर त्यावर बसला. टीव्ही लावला, परत बंद केला.

काही दिवसानं सांजेच्या वेळी वैशालीचा फोन आला. छतावरूनच. मागं पायपाचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"बाबा, मेथी उगवली! सगळी ओळ."

"हलक्या हातानं पाणी दे."

"देऊन राहिली ना. देशमुख काका रोज वर येते आता. विचारत होते, पाव्हणे कधी येते म्हणून."

"त्याले सांग, पाव्हणा फरार हाय."

ती हासली. मंग म्हणे, "जेवले काय तुमी?"

"हाव."

"काय केलं?"

पंचपक्वान्न, असं म्हणायचं होतं. तयारच होतं तोंडात. नेहमी तसंच म्हणतो अन् ती हासून फोन ठेवते. पण ते काही बाहेर आलं नाही.

म्या म्हटलं, "वैशाली, मले इथं करमत नाही व."

तिकडून पायपाचं पाणी तेवढं पडत होतं, एकाच जागी, मले साफ ऐकू येऊन राहिलं होतं. म्हणायले पाहिजे होतं, पोरी, पाईप सरकव, मेथी वाहून जाईन. नाही म्हटलं. फोन कानाले लावून बसून राहिलो. तिनंही ठेवला नाही.